दोषी ठरलेला पूर्वज : मुंबईतील रामजी कामत यांचा शोध

आपल्या ज्ञातीतील कुटुंबांचे कुलवृत्तान्त चाळीत असता एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. त्यांत देवळे बांधणारे पुरुष आहेत, दिवाणगिरी करणारे आहेत, वतने आणि सनदा मिळविणारे आहेत, विद्वान आणि वैद्यही आहेत. परंतु खटला हरलेला, दिवाळे निघालेला किंवा तुरुंगात गेलेला पूर्वज मात्र सहसा सापडत नाही. जणू आपल्या वाडवडिलांनी न्यायालयाची पायरी चढली ती केवळ वकील किंवा न्यायाधीश म्हणूनच! असे कोणत्याही ज्ञातीत घडणे शक्य नाही. मग ते पुरुष गेले कोठे? आमचे नम्र मत असे की, ते आपणच वंशावळीतून वगळले; आणि सरकारी दप्तरांनी मात्र त्यांनाच जपून ठेविले.

हे विधान काही बांधवांस कडू वाटेल. म्हणून ज्यांचा अभिमान आपण सर्वच बाळगतो अशा एका पुरुषाच्या आधारे ते पटवून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहोत. हे पुरुष म्हणजे वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे रामजी कामत. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख ‘रामा कामती’ असा येतो.

पूर्वजांचा शोध म्हटला की, प्रथम कोणालाही शिरगणतीची आठवण होते. दर दहा वर्षांनी सरकार घरोघर फिरून माणसे मोजते, तेव्हा आपल्या पणजोबांचे नाव कोठेतरी लिहिलेले असणारच, असा समज स्वाभाविक आहे. विलायतेत १८४१ पासूनच्या शिरगणतीत माणसागणिक नावे आहेत आणि शंभर वर्षे लोटल्यावर ती लोकांस पाहावयास मिळतात. आपल्याकडची स्थिती निराळी आहे. मुंबई शहराची पहिली व्यवस्थित शिरगणती १८६४ मध्ये झाली. त्या वेळी ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. कापसाच्या तेजीचा तो काळ होता. तेजी ओसरल्यावर १८७२ मध्ये तोच आकडा ६,४४,४०५ वर उतरला. सबंध देशाची एकाच वेळी घेतलेली पहिली गणना १८८१ ची. या सर्व गणनांचे छापील अहवाल आज वाचता येतात. त्यांत जात, धर्म, भाषा, धंदा, साक्षरता यांचे कोष्टकांमागून कोष्टक आहे. परंतु माणसाचे नाव नाही. ज्या तक्त्यांवर घरोघरची नावे टिपली गेली, ते तक्ते बेरजा झाल्यावर जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर गणनेतील व्यक्तिगत नोंदी कोणास पाहू देऊ नयेत आणि पुरावा म्हणून न्यायालयात मांडू नयेत, असा दंडकच घातला. तेव्हा शिरगणती आपणांस सांगते ती एवढेच, की अमुक साली अमुक गावी आपण किती होतो. कोण होतो, ते ती सांगत नाही.

रामजी कामतांच्या काळी तर हीही सोय नव्हती. मुंबई बेट १६६१ च्या विवाहाच्या तहाने पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीस दिले. व्यापारी आणि कारागीर येथे येऊन राहावेत म्हणून गव्हर्नर ऑंजिअर याने पुष्कळ खटपट केली. आपल्या ज्ञातीचे पुरुष त्याच काळापासून कंपनीच्या कागदांत दिसू लागतात. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन याच्यासमवेत रायगडी गेलेले दुभाषे नारायण शेणवी हे त्यांपैकीच होत. पुढे सिद्दीची स्वारी आणि रोगराई यांनी बेट उद्ध्वस्त झाले. १७१५ ते १७१८ च्या सुमारास रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने मुंबईची लोकसंख्या अवघी सोळा हजार असल्याचा अंदाज केला आहे.

हा कॉब आमच्या दृष्टीने महत्त्वाचा साक्षीदार आहे. कारण सोळा हजारांचा आकडा देणाऱ्या याच गृहस्थाने त्या सोळा हजारांतील एका माणसाचे नावही लिहून ठेविले. कोटातील सेंट टॉमस हे इंग्रजांचे देऊळ त्याच्याच खटपटीने उभे राहिले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी ते उघडण्यात आले. त्या समारंभाचे वर्णन करताना कॉब सांगतो की, रामा कामती आपल्या ज्ञातीच्या मंडळींसह तेथे आले होते आणि उपासना संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहिले होते. या एका उल्लेखावरून किती गोष्टी कळतात पाहा! बेटावर आपल्या ज्ञातीचा समुदाय होता. रामजी त्याचे पुढारी होते. राज्यकर्त्यांच्या समारंभास मान द्यावयाचा, पण आपला आचार सोडावयाचा नाही, हा विवेक त्यांच्या ठायी होता. याच्या तीनच वर्षे आधी, १७१५ मध्ये, त्यांच्या द्रव्यसाहाय्याने वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले होते. ते धनाढ्य व्यापारी होते, कंपनीच्या विश्वासातील होते आणि तिच्या देशी शिपायांशीही त्यांचा निकटचा संबंध होता.

येथपर्यंतचा वृत्तान्त कोणत्याही स्मरणिकेत शोभेल असा आहे. आता पुढचा भाग.

नाताळच्या त्या समारंभाला दीड वर्षही झाले नव्हते, तोच १७२० मध्ये याच रामजींवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. कंपनीचा शत्रू सरखेल कान्होजी आंग्रे याच्याशी गुप्त पत्रव्यवहार करून ते त्यास साहाय्य करीत होते, असा आरोप होता. त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर स्वारी केली होती. दोन्ही वेळा कंपनीच्या आरमारास हात हलवीत परतावे लागले होते. पराभव झाला म्हणजे घरभेद्याचा शोध सुरू होतो, हा सर्व राजवटींचा धर्मच आहे.

पुरावा काय होता? रामजींच्या नावाचे आणि शिक्क्याचे एक पत्र आणि काही साक्षी. त्यांतील त्यांच्या कारकुनाची जबानी अंगठ्यांना लोखंडी स्क्रू आवळून, म्हणजे यातना देऊन, मिळविलेली होती. ही गोष्ट कोणा मराठी बखरकाराने रचलेली नाही. ती खुद्द इंग्रजांच्या कागदांतच नमूद आहे. मुंबईचे न्यायालय सिद्दीच्या स्वारीनंतर मोडले होते, ते १७१८ मध्ये पुन्हा स्थापन झाले. त्यात इंग्रज न्यायाधीशांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिस्ती अशा चार समाजांचे चार प्रतिनिधीही बसत. परंतु राज्य चालविणाऱ्या कौन्सिलातील सभासदच न्यायासनावरही असत. आरोप करणारा आणि न्याय करणारा यांत आज आपण जे अंतर मानतो, ते तेव्हा नव्हते.

रामजी दोषी ठरले. त्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये कैदेतच त्यांचे निधन झाले. ज्या पत्रावर हा सर्व डोलारा उभा होता त्यावरील शिक्का बनावट होता, असे पुढील काळातील इतिहासकार नमूद करतात. फिलिप अँडरसन याने १८५४ मध्ये हा खटला सविस्तर वर्णिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश न्यायाच्या पहिल्या शतकावरील आपल्या १९३४ च्या ग्रंथात त्याचा पुन्हा परामर्श घेतला. म्हणजे ज्या न्यायपरंपरेने रामजींस शिक्षा दिली, त्याच परंपरेतील माणसांनी दोनशे वर्षांनी ती कागदपत्रे पुन्हा उघडली. हे शक्य झाले याचे कारण एकच : कागद राहिले होते.

आता प्रश्न असा की, रामजींविषयी आपण नव्या पिढीस काय सांगावे? केवळ देवळाची हकीकत सांगून थांबावे काय? काही जाणते बांधव तसेच म्हणतील. मृतांचे दोष उकरू नयेत, ही भावना आम्हांसही समजते. परंतु खटला लपविला म्हणजे आपण नकळत तो निकाल मान्यच केला असे होते. जो कागद रामजींस दोषी म्हणतो, त्याच कागदात त्यांच्या कारकुनाचे आवळलेले अंगठेही आहेत. दप्तर झाकून ठेविले तर पहिली गोष्ट कर्णोपकर्णी उरेल आणि दुसरी बुडेल.

येथे एक सावधगिरीची सूचना आम्ही स्वतःलाही देतो. रामजी आपले म्हणून ते निर्दोष, असे म्हणणे हा न्याय नव्हे. तो उलट्या दिशेचा पक्षपात होय. किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या माणसाचा दोन्ही बाजूंच्या सत्तांशी संबंध येणे त्या काळी अपरिहार्य होते. आपण एवढेच म्हणू शकतो, आणि तेवढे पुरेसे आहे, की यातना देऊन घेतलेली जबानी आणि बनावट शिक्क्याचे पत्र यांवर कोणासही दोषी ठरविता येत नाही.

रामजींसारखा मोठा पुरुष प्रत्येक घराण्यात नसतो. परंतु न्यायालयाच्या दप्तरात सामान्य घराण्यांसही मोठी जागा आहे. मुंबईत १७२८ पासून मेयरचे न्यायालय, १७९८ पासून रेकॉर्डरचे, पुढे सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून उच्च न्यायालय, अशी परंपरा अखंड आहे. त्यांपुढे आलेले वाटणीचे दावे, दत्तकाची भांडणे, मृत्युपत्रे आणि वारसाचे दाखले यांत बाप, मुलगा, भाऊ, चुलता यांची नाती स्पष्ट लिहिलेली असतात. कारण नाते सिद्ध केल्यावाचून दावाच चालत नसे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या वंशावळींत ज्यांना स्थानच नाही त्या स्त्रिया येथे नावानिशी भेटतात. पोटगी मागणारी विधवा, दत्तक घेणारी सासू, स्त्रीधनासाठी उभी राहिलेली लेक! कुलवृत्तान्तात ‘पत्नी’ एवढाच उल्लेख असलेल्या आजीचे नाव न्यायालयाच्या कागदात मिळते, हे वाचून आपणांस संतोष वाटावा की संकोच, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शोध करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी दोन शब्द. आरंभ घरापासून करावा : जुनी खाती, पत्रिका, खरेदीखते. नंतर गोमंतकातील आपल्या कुलदेवतेच्या देवस्थानाचे कागद आणि त्र्यंबकेश्वर, गोकर्ण येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. त्यानंतर मुंबईचे सरकारी पुराभिलेखागार, जे १८२१ पासून चालत आले आहे, आणि पुण्याचे पेशवे दप्तर यांकडे वळावे. शिरगणतीचे अहवाल शेवटी घ्यावेत; त्यांतून माणूस नव्हे, पण माणसाभोवतीचे गाव दिसते. नावांविषयी विशेष दक्षता बाळगावी. एकाच घराण्यातील पुरुष एका कागदात शेणवी, दुसऱ्यात कामत, तिसऱ्यात नायक म्हणून येऊ शकतो. ‘कामती’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाहून नवखा वाचक रामजींस कामाठीपुऱ्याच्या कामाठ्यांत शोधू लागेल! गाव, काळ आणि नाते ही तिन्ही जुळल्यावाचून कोणासही आपला मूळपुरुष म्हणू नये.

वाळकेश्वरी बाणगंगेच्या पायऱ्यांवर आपण सारेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. देवळाची पुढे अनेकदा दुरुस्ती झाली; रामजींनी लावलेला दगड कोणता, हे आता ओळखू येत नाही. त्यांचे घर गेले, द्रव्य गेले. राहिले ते ज्यांनी त्यांस बुडविले त्यांचेच कागद. आपापल्या घराण्यातील असा एखादा वगळलेला पुरुष, किंवा नाव न लिहिलेली स्त्री, कोणास आठवत असेल, तर त्यांची हकीकत निःसंकोचपणे लिहून पुढील अंकासाठी पाठवावी, अशी सर्व बांधवांस आणि भगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे. आठवणारे आहेत तोवरच हे काम होणार आहे.