सोलापूरचे ऋतू आणि परदेशी वेल

फुलाफळांचा शोक असलेली माणसे निरनिराळ्या देशांतून एकत्र आली, की त्यांचे बोलणे हटकून हवेवर येते. एकाकडे बर्फ वितळत असतो, दुसऱ्याकडे आंब्याचा मोहोर गळत असतो आणि तिसऱ्याकडे तीन आठवडे पाऊस नसतो. हे संभाषण वरवर निरुद्योगी वाटले, तरी त्याचा इतिहास मोठा आहे व त्यावर कित्येकांच्या संसाराचा जमाखर्चही अवलंबून राहिलेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षाच्या व डाळिंबाच्या बागा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

ऋतूंची ही तुलना आपल्या देशात प्रथम कोणी केली हे सांगणे अशक्य आहे; परंतु बाहेरून आलेल्या ज्या पुरुषांनी ती लिहून ठेवली त्यांत बाबराचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्याच्या मुलखात वर्षाचे चार ऋतू. येथे पाहतो तो चार महिने उन्हाळा, चार महिने पावसाळा आणि चार महिने हिवाळा, असे तीनच. हा भेद त्याने आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट नोंदविला आहे. हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, ह्याचे त्याला मनस्वी दुःख होते. पण नुसते दुःख करून तो थांबला नाही. आग्र्याच्या बागेत त्याने वेली लावविल्या, बल्खकडील माळ्याकडून खरबुजे पिकवून घेतली, आणि फळ हाती आले तेव्हा त्याला झालेला आनंद त्याच्या लेखणीत लपलेला नाही. पानिपतचा विजय मिळविणाऱ्या पुरुषाची ही बाजू मला त्याच्या लढायांपेक्षा अधिक जवळची वाटते.

बाबराच्या आधी सुमारे दोनशे वर्षे तांजियरचा इब्न बतूता दख्खनेत येऊन गेला होता. दौलताबादची हकीकत लिहिताना तो सांगतो, की येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. प्रवाशाची अतिशयोक्ती म्हणून हे वाक्य कोणी सोडून देईल. पण त्यात दख्खनच्या हवेचे मर्म आहे. इराण, तुर्कस्थान, फ्रान्स ह्या देशांत थंडी पडली, की द्राक्षवेल पाने टाकते आणि निजते. वसंतात ती एकदा जागी होते व एकदाच फळ देते. आपल्याकडे तिला निजविण्याइतकी थंडीच नाही. छाटले, की ती फुटते. पुन्हा छाटले, की पुन्हा फुटते. डाळिंबाचेही तसेच. तेव्हा येथे वेलीचे वर्ष केव्हा सुरू व्हावे हे ऋतू ठरवीत नाही, माळी ठरवितो. बाकीची सारी हकीकत ह्या एका गोष्टीतून निघते.

इंग्रजी अमलात ह्या प्रश्नाला निराळे रूप आले. विलायतेहून बियांच्या पुड्या येत व त्यांवर वसंतात पेरणी करावी असे छापलेले असे. येथील फेब्रुवारी-मार्चात कोबी-फुलकोबी लावील त्याच्या हाती एप्रिलच्या उन्हात वाळलेली रोपेच येणार. त्या भाज्यांचा खरा काळ पाऊस उलगडल्यानंतरचा. फर्मिंजर ह्यांचे बागकामावरील प्रसिद्ध पुस्तक १८६३ साली निघाले; पण ते मुख्यतः बंगाल व उत्तर हिंदुस्थान ह्यांसाठी होते, आणि बंगालची दमट हवा दख्खनच्या माळरानास काय कामाची? ती उणीव पुढे वुड्रो ह्यांनी भरून काढली. ते पुण्यास गणेशखिंडीच्या बागेचे अधीक्षक होते व त्यांचे मार्गदर्शन पश्चिम हिंदुस्थानच्या अनुभवावर उभे होते. त्यापूर्वी दापोडीच्या सरकारी बागेत डॉक्टर गिब्सन ह्यांनी परदेशी झाडे येथील हवेत कितपत टिकतात ह्याचे प्रयोग केले होते. त्या बागेतील झाडांची एका देशी चित्रकाराने काढलेली चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी जपले नाही.

आता सोलापूरकडे वळू. ह्या जिल्ह्याची हवा कशी आहे हे तेथील रहिवाशास सांगण्याचे कारण नाही. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि त्यातला जोराचा भाग जून-जुलैत नव्हे, तर सप्टेंबरात. मे महिन्यात पारा चाळिसांच्या वर. १८७६-७८ च्या दुष्काळात ह्या जिल्ह्याची जी दैना झाली ती इतिहासप्रसिद्ध आहे. इतरत्र मृगाची वाट पाहतात; सोलापूरचा जुना शेतकरी हस्ताची पाहतो, कारण त्याची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या त्या ओलीवर वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ह्याच हवेची. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ साली सोलापुरासच केंद्र निघाले, तेही ह्यामुळेच.

अशा ठिकाणी द्राक्षे! ज्या वेलीला आपण थॉम्सन म्हणतो तिचे मूळ इराण-तुर्कस्थानाकडील बिनबियांच्या द्राक्षात आहे. विल्यम थॉम्सन नावाच्या गृहस्थाने १८७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तिचा प्रसार केला म्हणून तिला त्याचे नाव पडले. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे ह्यांनी आपल्या बागेतील वेलींवर बारकाईने नजर ठेवून, थॉम्सनच्या एका निराळ्या निघालेल्या फांदीपासून लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात निपजविली. आणि मध्य आशियातील काळ्या किशमिशीपासून ‘शरद’ ही काळी जात. ज्या समरकंदच्या बाजूची फळे आठवून बाबर आग्र्यात हळहळत होता, त्या बाजूच्या वेलीने सोलापूरच्या माळावर नवे रूप घ्यावे, हा योगायोग मौजेचा आहे. (हे तेच नान्नज, जेथील माळरान माळढोक पक्ष्यासाठी राखलेले आहे.)

परंतु वेल आणली म्हणून तिचे पंचांग आणता येत नाही. कॅलिफोर्नियाचा बागवान जानेवारी-फेब्रुवारीत निजलेली वेल एकदा छाटतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फळ काढतो. सोलापूरचा बागाईतदार दोनदा छाटतो. एप्रिलातली ती खरड छाटणी. ऑक्टोबराच्या सुमाराची ती गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर आलेले घड तो ठेवीत नाही, कारण ते पिकण्याच्या वेळी पावसाळा असणार व फळ सडणार. त्या छाटणीपासून त्याला हवी असते ती केवळ काडी. मे-जूनच्या कडक उन्हात त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. मग पावसाळा जातो, गोडी छाटणी होते आणि सुमारे चार महिन्यांनी फळ येते. इब्न बतूताने पाहिलेली दोन पिके येथे एक झाली आहेत, ती अशी जाणूनबुजून.

ह्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. ऑस्ट्रेलियातील मिल्डुराकडे वेल सप्टेंबरात फुटते व फेब्रुवारी-मार्चात पिकते. सोलापूर उत्तर गोलार्धात असूनही त्याच्या द्राक्षाचे महिने जवळजवळ तेच आहेत! कॅलिफोर्नियाचे छाटणीचे कोष्टक घेऊन बसणाऱ्यापेक्षा ऑस्ट्रेलियाचे पाहणारा येथे अधिक शहाणा ठरावा. तथापि तेही साम्य वरवरचेच. तेथे फुटीपासून पिकेपर्यंत ऊन चढत जाते. येथे मणी वाढत असता डिसेंबर-जानेवारीची थंडी आडवी येते, वाढ खुंटते, आणि थंडी फार कडक झाली तर हिरव्या मण्यांवर नको असलेली गुलाबी छटा चढते. दोन देशांची कोष्टके महिन्यांनी जुळली म्हणून ती कारणांनी जुळतात असे नाही.

डाळिंबाच्या बाबतीत तर आपल्या माळ्यांनी ह्या स्वातंत्र्याला नावेच देऊन ठेवली आहेत: मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. इराणातील झाडाला वसंत हाच एक बहार. येथे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पाने गाळायची आणि मग पाणी देऊन हवा तो बहार धरायचा. विहिरीत उन्हाळ्यापुरते पाणी असेल तर आंबे बहार, नसेल तर मृग बहार. पण मृगाची फळे पावसाळी दमट हवेत वाढतात, आणि तेल्या रोगाला तीच हवा मानवते. तो रोग पसरल्यापासून पुष्कळांनी हस्त बहाराचा आश्रय केला. केगाव येथे २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. बहारांची नावे मात्र पंचांगातलीच राहिली. चांद्र महिने पुढेमागे सरकतात, सूर्याची नक्षत्रे जवळजवळ ठरल्या दिवशी येतात. माळ्याने नक्षत्रे निवडली ती भाविकपणाने नव्हे.

पण हे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे: आपले ऋतू निदान आपल्यापुरते ठरलेले आहेत. त्या गृहीतासच अलीकडे धक्के बसू लागले आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातील गारपिटीने तोडणीस आलेल्या बागा झोडपल्या. २०२० च्या ऑक्टोबरात, नेमक्या छाटणीच्या दिवसांत, जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले. म्हणजे ज्या उन्हात डोळ्यांत घड धरावयाचा तेच ऊन झाकले गेले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीना नदीने काठची शिवारे बुडविली. मे महिन्यातील ढगांचे नुकसान त्या वेळी दिसत नाही, हे त्यातले दुर्दैव. वेल हिरवीगार असते, खते, औषधे व मजुरी चालू असते, कर्जाचे हप्तेही चालू असतात. ऑक्टोबरात छाटून फूट आली, की मग काडीवर घडच थोडे आहेत हे कळते. फळ गेलेला माणूस पंचनामा मागू शकतो. न धरलेल्या फळाचा पंचनामा कसा करावा?

बेदाण्याचीही अशीच गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात घड कागदावर पसरून उघड्या उन्हात वाळवितात, कारण तेथील सप्टेंबर सहसा कोरडा असतो. आपल्याकडे ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीप्रमाणे घड द्रावणात बुडवून, शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवितात. त्याने हिरवा रंगही टिकतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतची सोलापूरची कोरडी हवा ह्या कामास फार अनुकूल. त्या दिवसांत अवकाळी पावसाची चिन्हे दिसली, की शेडच्या चारी बाजूंस ताडपत्र्या सोडण्याची धांदल उडते, आणि ओल शिरून माल काळा पडला तर त्या वर्षीचा भाव व्यापारी सांगेल तो.