चहाचा कप आणि निपाणीकर शास्त्री

भोजनाच्या शिष्टाचारावर लिहिलेली पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात. रुमाल मांडीवर कसा घ्यावा, काटा कोणत्या हातात धरावा, यजमानाने घास घेण्यापूर्वी पाहुण्याने सुरुवात करावी की नाही, असे प्रश्न त्यांत असतात. चिकोडी, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांपुढे मात्र एके काळी निराळाच प्रश्न असे. कसे जेवावे हे घरातले लहान मूलही जाणत होते. कोणाच्या पंक्तीला बसावे, याचा निवाडा मात्र प्रसंगी मठाकडे न्यावा लागे. अशा निवाड्यांपैकी सर्वांत गाजलेल्या निवाड्यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

रुमालाचे म्हणाल तर तो आपल्याकडे साहेबाने आणलेला नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या भोजनाचा विधी सांगितला आहे. राजाने पूर्वेकडे तोंड करून मऊ आसनावर बसावे, नाभीपासून गुडघ्यांपर्यंत शुभ्र वस्त्र पसरावे, आप्तस्वकीयांसह सोन्याच्या ताटात जेवावे. आरंभी तूप घातलेला मुगाचा वरणभात, मध्ये गोड, शेवटाकडे ताक. हा क्रम वाचताना आपल्याच घरचे कार्य डोळ्यांपुढे येते. त्या काळी हा प्रदेश कुंडी या नावाने ओळखला जाई आणि सौंदत्तीचे रट्ट चालुक्यांचे मांडलिक म्हणून येथे राज्य करीत. तेव्हा पंगतीची रीत पुण्याहून इकडे आली असे मानण्याची आपल्या काही घराण्यांत जी सवय आहे, ती थोडी तपासून पाहिलेली बरी.

पंगतीची शिस्त मोठी बारकाईची होती. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. तूप वाढून झाल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही. वाढणाऱ्याने एका पानापाशी रेंगाळायचे नाही आणि पंक्तीत पहिल्याला जे वाढले तेच शेवटच्याला वाढायचे. शेजाऱ्याचे जेवण संपेपर्यंत आपण ताकभाताशी चाळा करीत बसायचे, कारण मध्येच उठणे हा एकट्या यजमानाचा अपमान नसून साऱ्या पंक्तीचा अपमान होता. शेजारी वृद्ध गृहस्थ असले तर आपण हळू जेवायचे, हे कोणी शब्दांनी शिकवीत नसे.

आपल्या भागाचे वैशिष्ट्य असे की, एकाच गल्लीत अशा तीन-चार शिस्ती शेजारी शेजारी नांदत होत्या. ब्राह्मण घरी पानाबाहेर चित्राहुती मुद्दाम घातल्या जात. शेजारच्या लिंगायत घरी अन्न हा प्रसाद, त्याचे एक शीतही ताटाबाहेर पडता कामा नये, आणि जुनी माणसे तर ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकीत. जैन घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असत आणि कांदा-बटाटा ओलांडून आत येत नसे. मराठा घरातील मटणाच्या पंगतीची अदब पुन्हा निराळी. वाटेत भेटलेल्या कन्नड माणसाने ‘ऊटा आतेन्री?’ म्हणून विचारावे आणि आपण ‘झाले, आपले?’ म्हणावे, हा रोजचा रिवाज होता. जेवलात का हे सर्वांनी सर्वांना विचारायचे, जेवायचे मात्र ज्याने त्याने आपापल्या घरी.

मग व्यापार कसा चालत असे? निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत नाना जातिधर्मांची माणसे एका गादीवर बसून सौदे करीत. त्यांच्यातील आदरातिथ्याचा तोडगा म्हणजे पानसुपारी. विड्याच्या पानाला शिजवण्याचा संस्कार नाही, सुपारीला पाणी लागत नाही; नारळ आणि फळे यांचेही तसेच. सोवळ्याचा नियम मुख्यतः शिजलेल्या अन्नाला आणि पाण्याला लागू असल्यामुळे या वस्तू कोणीही कोणाच्याही हातून घेऊ शके. सार्वजनिक सत्काराला आपल्याकडे जेवणाऐवजी ‘पानसुपारीचा समारंभ’ होई, त्याचे एक कारण माझ्या मते हेच असावे. कोणाचाही अवमान न करता सर्वांना एका बैठकीवर आणण्याची ती मोठी शहाणी युक्ती होती. चहा आला आणि ही युक्ती लंगडी पडली. चहाला पाणी लागते, चूल लागते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या घरचा कप ओठाला लावावा लागतो.

हा पेच पुण्यात उघड्यावर आला. ४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील अनेक प्रतिष्ठितांना तेथे नेले होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती, ही त्यांची ओळख सर्वांना आहेच. सभेनंतर मिशनरी मंडळींनी चहा-बिस्किटे पुढे केली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही हजर होते. कोणी चहा घेतला, कोणी यजमानाचा मान म्हणून कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे झळकली आणि गहजब झाला.

येथे दोन शिष्टाचार समोरासमोर उभे ठाकले होते. यजमानाने पुढे केलेली वस्तू नाकारू नये, हा एक; आपल्या पंक्तीला विचारल्यावाचून परक्या पंक्तीत शिरू नये, हा दुसरा. कप घेऊन खाली ठेवणाऱ्यांची पुढे थट्टा झाली. मला ती रास्त वाटत नाही. दोन्ही मर्यादा एकाच वेळी सांभाळू पाहणाऱ्या माणसापुढे त्या घटकेला दुसरा कोणता मार्ग होता?

सनातन्यांची फिर्याद शंकराचार्यांकडे गेली, ती संकेश्वर-करवीर पीठाच्या. हे पीठ मूळचे आपल्या संकेश्वरचे, हिरण्यकेशीच्या काठचे. कोल्हापूरचा मठ हा त्याचाच. आचार्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे कमिशन नेमले. एक बिंदुमाधवशास्त्री धुळेकर आणि दुसरे व्यंकटशास्त्री निपाणीकर. पुण्याच्या पुढाऱ्यांनी चहाचा घोट घेतला की नाही, घेतला तर दोष किती, याचा न्याय करायला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या आडनावात निपाणी होते. टिळकांनी शास्त्राच्याच आधाराने आपली बाजू मांडली आणि आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते मुख्यतः बहिष्काराने गांजलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात या प्रकरणाची हकीकत आली आहे. एका कपाने घराघरांत केवढी घालमेल झाली, ते समजण्यासाठी ती वाचावी.

हा वाद उच्चवर्णीयांतला होता. प्रायश्चित्त घेऊन पंक्तीत परत येण्याची वाट ज्यांना मुळातच नव्हती, त्यांच्याकडे त्या कमिशनचे लक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता. ते लक्ष कोल्हापुरात गेले. वेदोक्त प्रकरणापासून शाहू महाराजांचा या पीठाशी संघर्ष चालूच होता. त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. वरच्या जातींचे गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींच्या हातात कप असताना सोबतच्या माणसाने तो खाली ठेवायचा कसा? दरबारी अदबीचाच महाराजांनी असा उपयोग करून घेतला. १८९० चा प्रश्न आणि हा प्रश्न एकच, उत्तर मात्र उलट्या टोकाचे.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे, निपाणीपासून फार लांब नव्हे, बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. त्या सभेतच महाराजांनी त्यांना आपल्या रजपूतवाडीच्या कँपवर भोजनाचे निमंत्रण दिले. भर सभेत दिलेल्या निमंत्रणाला काय अर्थ असतो, हे सांगणारा आणि ऐकणारे दोघेही जाणून होते. पुढे एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली खुद्द निपाणीत झाली. कमिशनच्या निवाड्याला तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती.

सहभोजनांची चळवळ त्यानंतर अनेक ठिकाणी झाली. अनंत हरी गद्रे यांचे झुणका-भाकर सत्यनारायण जुन्या वाचकांना आठवत असतील. तरीही प्रश्न इतका चिवट होता की, २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला. कोणत्याही नागरिकाला तेथे जातीमुळे मज्जाव करता येणार नाही, असे देशाच्या मूलभूत कायद्यात लिहावे लागले, यावरून पंगतीचे वजन किती होते ते कळते.

आपल्या घराण्यांत पंगतीच्या आठवणी हौसेने सांगितल्या जातात: चांदीच्या वाट्या, पानाभोवतीची रांगोळी, जिलबीचा आग्रह. त्या सांगताना मांडवाबाहेर कोण बसत असे, त्यांना कधी आणि काय मिळत असे, हेही मुलांना सांगावे, असे मला वाटते. शेवटच्या पानालाही पहिल्यासारखेच वाढायचे हा नियम ज्या घरांनी काटेकोरपणे पाळला, त्याच घरांनी पंक्तीची सीमाही आखली होती.

आता कार्यालयांतून बुफे आला आहे. हातात ताटली घेऊन उभ्याने जेवणे म्हाताऱ्यांना जड जाते, तक्रारीही पुष्कळ होतात, आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. शेजारी कोण उभे आहे, हे मात्र तेथे कोणी विचारीत नाही. संध्याकाळचे कार्य असले की आपल्याकडील जाणता यजमान जैन पाहुण्यांची सोय अजूनही उन्हे उतरण्यापूर्वी वेगळी करतो आणि ‘तुमचे आधी होऊ द्या’ म्हणून स्वतः वाढायला उभा राहतो.