परक्या मालाची हांव आणि रुपयाचा भाव

चैत्री पौर्णिमेस हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचें बगाड निघतें. एका वर्षीं आम्ही त्या यात्रेस गेलों असतां, बगाड निघण्याची वाट पाहत बसलेल्या मंडळींत रुपयाच्या घसरणीची गोष्ट निघाली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरांना सगळं फॉरेनचं लागतं. घड्याळ फॉरेनचं, बूट फॉरेनचा, फोन फॉरेनचा. मग रुपया पडेल नाहीतर काय होईल?" त्यांचा नातू शेजारींच उभा होता. माहिती-तंत्रज्ञानाच्या त्या विस्तीर्ण वसाहतींतील एका कंपनींत तो नोकरीस आहे. तो हंसून म्हणाला, "आजोबा, रुपया पडला की आमच्या कंपनीचं बरंच होतं. पैसे डॉलरमध्ये येतात ना." आजोबा यावर कांहीं बोलले नाहींत, परंतु नातवाचें म्हणणें त्यांस रुचलें नाहीं, हें उघड दिसत होतें.

या दोघांपैकीं कोणाचें खरें, असा प्रश्न आम्हांस तेव्हां पडला, व त्याचा निकाल लावण्यासाठीं आम्हीं जुनीं दप्तरें चाळलीं. आजोबांची तक्रार आजची नव्हे. ती या पुणें प्रांतांत पावणेदोनशे वर्षें चालत आलेली आहे. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं पत्रें लिहिलीं, त्यांत देशी जिन्नस वापरावे हा उपदेश आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७२-७३ च्या सुमारास पुण्यास व्यापाराविषयीं व्याख्यानें दिलीं, आणि सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं खादीचें व्रत घेऊन तें इतक्या निष्ठेनें पाळलें कीं, १८७७ च्या दिल्ली दरबारासही ते हातच्या सुताच्याच पोषाखानें गेले. परक्या मालाची हांव देशास दरिद्री करते, हा या सर्वांच्या उपदेशाचा गाभा होता. त्यांचा हेतु शुद्ध होता आणि निदानही पुष्कळ अंशीं बरोबर होतें. परंतु त्या हांवेमुळेंच रुपयाचा भाव उतरतो, ही जी पुढची पायरी आज जो तो चढतो, तिला इतिहासाचा आधार कितपत आहे?

पेशवाईत हा प्रश्नच नव्हता. हिंजवडीच्या शेजारीं चिंचवडास टांकसाळ होती. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत फिरत, आणि सराफ प्रत्येकाची चांदी पारखून बट्टा कापून घेत. रुपयाची किंमत त्यांतील चांदीइतकी. कोणा सरदारानें मुंबईहून विलायती आरसा किंवा घड्याळ मागविलें तर तेवढी चांदी त्याच्या तिजोरींतून गेली, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी अमलांतही १८७३ पर्यंत हीच व्यवस्था थोड्याफार फरकानें होती. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा, आणि एका रुपयास सुमारें दोन शिलिंग म्हणजे चोवीस पेन्स मिळत. म्हणजे पौंडभर किंमतीचें मँचेस्टरचें कापड येथें दहा रुपयांस पडे.

पुढें जर्मनीनें सोन्याचें नाणें धरलें, युरोपांतील इतर राष्ट्रांनीं चांदी पाडण्याचें थांबविलें, आणि अमेरिकेंत नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा लोट सुरू झाला. चांदी उतरली, तिच्यासवें रुपयाही उतरला. १८९२-९३ सालीं रुपयास पंधरा पेन्सच मिळत होते. दहा रुपयांचें तेंच कापड सोळा रुपयांवर गेलें. आतां या वीस वर्षांत हिंदुस्थानानें परका माल फार घेतला म्हणून हें झालें काय? मुळींच नाहीं. त्या सर्व काळांत आपली निर्गत आयातीहून अधिकच होती. कापूस, गहूं, ताग, अफू, तेलबिया यांच्या राशी जहाजांवर चढत होत्या. खप वाढला होता तो विलायतच्या खर्चाचा: निवृत्त अधिकाऱ्यांचीं पेन्शनें, कर्जाचें व्याज, रेल्वेची हमी. हा खर्च पौंडांत द्यावयाचा, आणि एकेका पौंडास दहांच्या जागीं सोळा रुपये मोजावयाचे. ज्या हांवेनें सरकारचें कंबरडें मोडत होतें ती रयतेची नव्हती. गंमत अशी कीं, याच सरकारनें १८९३ सालीं आपल्या युरोपियन नोकरांस भाव उतरल्याची नुकसानभरपाई म्हणून निराळा भत्ता दिला. रयतेस असा भत्ता कोण देणार?

आणि दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. सार्वजनिक काका व्रत घेऊन जें साधूं पाहत होते, तें कांहीं अंशीं नेव्हाडाच्या खाणींनीं साधून दिलें. विलायती कापड महागलें, आणि मुंबईच्या गिरण्यांस बिनजकातीचें एक कुंपण मिळालें. १८८२ सालीं सरकारनें आयात जकात उठविली असतांही त्या गिरण्या वाढत गेल्या व त्यांचें सूत चीनपर्यंत खपूं लागलें, यास इतर कारणें होतींच. परंतु पडका रुपया हें एक होतें. तेव्हां हिंजवडीच्या नातवाचें बोलणें नवें नाहीं. १८९० च्या सुमाराचा मुंबईचा गिरणीवाला अगदीं हेंच म्हणाला असता.

सरकारनें २६ जून १८९३ रोजीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. त्या दिवसापासून रुपया हा चांदीचा तुकडा न राहतां सरकारी हुकमाचा तुकडा झाला, आणि पांचसहा वर्षांत तो सोळा पेन्सांपर्यंत चढविण्यांत आला. या कायद्याचा घाव कोठें बसला, हें आमच्या शालेय इतिहासांत कोणी सांगत नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळांत दख्खनच्या शेतकऱ्यांनीं बायकांच्या अंगावरच्या पाटल्या, वाळे, तोडे मोडले. ती चांदी मुंबईच्या टांकसाळींत जाऊन वजनास वजन रुपये होऊन येत असे. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हां टांकसाळीचें दार बंद होतें. घरांतील चांदी तीच, तोळे तेच. पण सराफाच्या दुकानीं तिचे रुपये पूर्वीसारखे येईनात. ज्या बाईनें जन्मांत विलायती लुगडें नेसलें नसेल, तिची सांठवण हुंडणावळीच्या एका ठरावानें हलकी झाली. रुपयाचा भाव "सुधारला" म्हणून लंडनच्या पत्रांनीं समाधान मानलें तें याच सुमारास. शिवाय, मुंबईच्या सुतास चीनची पेठ जड जाऊं लागली, कारण चीन चांदीवरच राहिला होता; आणि १८९६ मध्यें देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली ती निराळीच. 'केसरी'नें त्या वर्षीं उठविलेल्या आरोळीचें मर्म या सर्व गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाहीं.

याच्या पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास विदेशी कपड्यांची होळी झाली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून तळेगांवास १९०८ मध्यें कांचेचा कारखाना निघाला. हिंजवडीपासून तो फार दूर नव्हे. एकेक पैसा गोळा करून परदेशी कांचेशीं सामना देण्याचा हा प्रयत्न आम्हांस आजही मोठ्या मोलाचा वाटतो, आणि तो होळीपेक्षां अधिक मोलाचा वाटतो, हें सांगण्यास आम्ही भीत नाहीं.

परंतु लोकांच्या आवडीवर कोणाचा ताबा असतो तें पहावयाचें तर १९२६-२७ सालांकडे वळावें. हिल्टन यंग कमिशननें रुपयाचा भाव अठरा पेन्स ठेवण्याची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनीं एकट्यानें विरुद्ध मत लिहून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. तो मानला गेला नाहीं. १९२७ सालीं अठरा पेन्सांचा कायदा झाला. आतां हिशेब करूं. पौंडभर किंमतीचें विलायती कापड सोळाच्या भावानें पंधरा रुपयांस पडलें असतें. अठराच्या भावानें तें तेरा रुपये पांच आणे चार पै पडूं लागलें. तसाच पौंडभर कापूस विकणाऱ्या वऱ्हाडांतील कुणब्याच्या हातीं पंधराच्या जागीं तेच तेरा रुपये पांच आणे चार पै येऊं लागले. गिऱ्हाइकाची आवड बदलली नव्हती. तिच्यापुढें ठेवलेल्या मालाची किंमत एका सहीनें बदलली. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस काळबादेवीवर परदेशी कापडाच्या लॉरीखालीं बाबू गेनू चिरडला गेला. तो आमच्याच जिल्ह्यांतील महाळुंगे पडवळचा. त्या लॉरीवरचें कापड इतकें स्वस्त कसें, याची चर्चा त्या दिवसांत पेढ्यांवर व कौन्सिलांत होत होती; रस्त्यावर तिच्यापैकीं लॉरी तेवढी येऊन पोंचली.

येथें डॉ. आंबेडकर यांच्या १९२३ सालच्या 'रुपयाचा प्रश्न' या इंग्रजी ग्रंथाचें स्मरण केलें पाहिजे. लंडनच्या पदवीसाठीं लिहिलेला हा ग्रंथ नांवानें बहुतेकांस माहीत आहे, वाचलेला फार थोड्यांस. पडत्या रुपयानें देशास फायदा होतो या गिरणीवाल्यांच्या म्हणण्यास त्यांनीं एक साधा प्रश्न विचारला: हा फायदा येतो कोठून? तो परदेशांतून येत नाहीं, तो येथल्याच मजुराच्या खिशांतून येतो. कारण वस्तूंचे भाव आधीं चढतात आणि मजुरी मागाहून, रखडत चढते. म्हणजे हिंजवडीच्या नातवाच्या उत्तरासही हा एक प्रतिप्रश्न आहे. रुपया पडून कंपनीच्या खात्यांत अधिक रुपये जमा होतात हें खरें. पण त्यासवें तेलही महाग पडतें, कारण देशांत लागणाऱ्या खनिज तेलापैकीं चार-पंचमांशाहून अधिक आपण बाहेरून आणतों. आणि कंपनीच्या फाटकाशीं उभा असलेला पहारेकरी व त्याच वसाहतींत जेवणाचे डबे पोंचविणारा मुलगा यांचा पगार डॉलरच्या हिशेबानें कोणी ठरवीत नाहीं.

मग आजोबांचें म्हणणें अगदींच पोकळ काय? तसें नाहीं. त्यांनीं हांव बरोबर ओळखली, वस्तु मात्र चुकीची धरली. परकी म्हणून ज्या फोनचा त्यांस राग आला, त्या जातीचे पुष्कळ फोन आज तामिळनाडूंत जुळविले जातात. सुटे भाग बाहेरून येतात हें कबूल, परंतु सगळी किंमत कांहीं परदेशीं जात नाहीं. ज्या परक्या मालानें रुपयास खरोखर ओढ लावली त्याला आपल्या घरांत कोणी परका म्हणतच नाहीं. तो माल म्हणजे सोनें. कोलारच्या खाणी २००१ मध्यें बंद झाल्या, त्या चालू होत्या तेव्हांही आपली गरज भागत नव्हती. मंगळसूत्र देशी, घडणावळ देशी, सोनार ओळखीचा, मुहूर्त दसऱ्याचा. आंतला धातु मात्र डॉलर मोजून आणलेला.

या धातूची उलटी चालही एकदां झाली. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सोन्याचें नाणें सोडलें, रुपया पौंडास बांधलेलाच राहिला, आणि शेतमालाचे भाव कोसळल्यामुळें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं घरांतील सोनें बाहेर काढलें. तें कोट्यवधि रुपयांचें सोनें मुंबईच्या बंदरांतून परदेशीं गेलें. स्वातंत्र्यानंतर सरकारनें आयात रोखली. १९६३ च्या जानेवारींत चौदा कॅरटाचा नियम आला, सोनारांच्या हातचें काम गेलें, आणि कोंकणच्या खाड्यांतून रात्रीं उतरणाऱ्या मालास बरकत आली. लोकांची हांव कायद्यानें घटली नाहीं, तिनें वाट मात्र बदलली. तो सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० मध्यें रद्द झाला.

पुढच्याच वर्षीं, १९९१ च्या जुलैच्या १ व ३ तारखेस रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरविण्यांत आली, आणि त्याच महिन्यांत रिझर्व्ह बँकेचें सुमारें सत्तेचाळीस टन सोनें परदेशीं गहाण पडलें. आम्ही तेव्हां महाविद्यालयांत शिकत होतों. कट्ट्यावर सर्वांचें एकमत झालें होतें कीं, लोकांच्या चैनीमुळें हें झालें. वस्तुतः आखाती युद्धानें तेल महागलें होतें, अल्पमुदतीचीं कर्जें डोक्यावर आलीं होतीं, आणि परदेशस्थ हिंदी लोकांनीं आपल्या ठेवी काढून नेल्या होत्या. चैनीच्या वस्तु त्या काळीं परवान्यावांचून येतच नव्हत्या. उलट २०१२-१३ सालीं मात्र आजोबांच्या तक्रारीस पहिल्यानेंच भक्कम पुरावा मिळाला. त्या वर्षीं देशाच्या चालू खात्यांतील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली, आणि एकट्या सोन्याच्या आयातीस पन्नास अब्ज डॉलरांहून अधिक लागले. १९१३ सालीं सरकारी नाण्याची चर्चा होत असतां जो धातु तिजोरींत हवा म्हणून पुढारी भांडत होते, तोच शंभर वर्षांनीं लोकांच्या कपाटांत जाऊन बसल्यामुळें रुपयास जड झाला. ऑगस्ट २०१३ मध्यें डॉलरचा भाव अडुसष्ट रुपयांवर गेला, आणि त्याच महिन्यांत सोन्यावरील जकात दहा टक्क्यांपर्यंत चढविण्यांत आली. ती पुढें आणखी चढली, आणि जुलै २०२४ मध्यें सहा टक्क्यांवर आणली गेली. हिंजवडी, माण, मारुंजी या गांवांतील जमिनींचे पैसे आले त्या वर्षांत लक्ष्मी रस्त्यावरील सराफांकडे गर्दी कां वाढली, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस निराळें सांगणें नको. जमीन गेली होती. तिच्या जागीं हातांत धरतां येईल असें कांहीं हवें होतें. त्या माणसांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

यात्रेच्या दिवशीं आजोबांनीं निघतांना आम्हांस बाजूस घेतलें. नातवाचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें. ते हळू आवाजांत म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहांत. दहा तोळे करायचे आहेत. आत्ता घ्यावं की भाव उतरायची वाट बघावी?" आम्ही इतिहास शिकवतों, पुढचा भाव आम्हांस कळत नाहीं, असें सांगतां सांगतां बगाड हललें, आणि ते आमचा हात सोडून गर्दींत पुढें गेले.