लर्निया
लर्निया ही गोड्या पाण्यातील माशांवर जगणाऱ्या परजीवी कोपेपॉडांची प्रजाती आहे. तिचा समावेश कवचधारी प्राण्यांच्या सायक्लोपॉयडा गणातील लर्निइडी कुलात होतो. कार्ल लिनीयस यांनी १७५८ मध्ये तिची गणना कृमींत केली होती; प्रौढ मादीचे रूप तसेच फसवे असते. समागमानंतर नर मरतात. मादी माशाच्या ऊतकात डोके रुतवते. तिचे शरीर लांबट, दंडाकार होते आणि डोक्याजवळ जहाजाच्या नांगरासारखी शिंगे वाढतात. मागील टोक दोन अंडपिशव्यांसह बाहेर लोंबते. पायांच्या सूक्ष्म जोड्या व पोहणारे डिंभ यांवरून मात्र तिचे खरे नाते कळते. शिंगांचा आकार भोवतालच्या ऊतकानुसार बदलत असल्याने केवळ त्यावरून जाती ठरवणे विश्वासार्ह नसते. लर्निया सायप्रिनेसिया ही जाती कार्प माशांच्या मत्स्यशेतीत हानिकारक ठरते.