फुजिशिमा, आकिरा

फुजिशिमा, आकिरा : (10 मार्च 1942). जपानी रसायनशास्त्रज्ञ. टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर जंबुपार प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, हे त्यांनी आपले मार्गदर्शक केनिची होंडा यांच्यासह दाखवले. या घटनेला ‘होंडा-फुजिशिमा परिणाम’ म्हणतात. जन्म टोकिओ येथे. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाची पदवी 1966 मध्ये, टोकिओ विद्यापीठाची डॉक्टरेट 1971 मध्ये. काही वर्षे कानागावा विद्यापीठात शिकवल्यावर 1975 ते 2003 टोकिओ विद्यापीठात अध्यापन व संशोधन (1986 पासून प्राध्यापक). 2010 ते 2018 टोकिओ विज्ञान विद्यापीठाचे अध्यक्ष. त्यांची ओळख बहुधा ‘सूर्यप्रकाशातून हायड्रोजन’ एवढ्यावर उरकली जाते. ती खोटी नाही, पण तिने कारकीर्दीचे माप चुकते. हायड्रोजनचा नाद त्यांना आवरता घ्यावा लागला. तो आवरताना त्यांनी प्रकाशाच्या पुरवठ्याचा जो रोकडा हिशेब मांडला, त्याच्या जोरावर हा पांढरा ऑक्साइड प्रयोगशाळेतून फरशीवर, काचेवर आणि बोगद्यातल्या दिव्यांवर पोहोचला. त्यांच्या कामाची खरी उंची या दुसऱ्या टप्प्यात दिसते.

पहिला टप्पा 1967 मधला. फुजिशिमा तेव्हा होंडांच्या प्रयोगशाळेत पदव्युत्तर विद्यार्थी होते. अर्धसंवाहकाचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश पाडायचा आणि वाहणारा विद्युत्प्रवाह मोजायचा, असे हे क्षेत्र. त्यातली अडचण जुनी होती. झिंक ऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइड घेतले, तर प्रकाश पडताच इलेक्ट्रोड स्वतःच विरघळू लागे. मोजलेल्या प्रवाहाचा बराच भाग त्या झिजेचाच असे. रुटाइल जातीच्या टिटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक लावल्यावर मात्र त्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे येऊ लागले आणि स्फटिक जसाच्या तसा राहिला. बुडबुडे ऑक्सिजनचे होते. तारेने जोडलेल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन येत होता. यामागचे कारण असे : 415 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषला की ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडतो आणि त्याच्या जागी धन प्रभाराची पोकळी उरते. ही पोकळी इलेक्ट्रॉनची इतकी भुकेली असते की ती थेट पाण्याकडूनच इलेक्ट्रॉन ओढून घेते. झिंक ऑक्साइडमध्ये ती आपल्याच घरातला बंध तोडते; टिटॅनियम डायऑक्साइडमध्ये घर शाबूत ठेवून शेजाऱ्याकडे हात घालते. उत्प्रेरक म्हणून या ऑक्साइडची सारी किंमत या एका फरकात आहे. नेहमीच्या विद्युत्विच्छेदनाला लागतो त्याहून खूप कमी विभवावर ऑक्सिजन निघतो, हे सुरुवातीला जपानमधल्या विद्युत्‌रसायनज्ञांच्या पचनी पडले नाही. होंडा व फुजिशिमा यांचा दोन पानी लेख ‘नेचर’मध्ये जुलै 1972 मध्ये आला.

या शोधाच्या अग्रक्रमावर आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. उन्हापावसात राहिलेल्या जुन्या रंगाच्या भिंतीवरून बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते. टिटॅनियमच्या पांढऱ्या रंगद्रव्यावर ऊन पडून भोवतालचे तेल वा रेझिन जळत जाते, त्याची ही खूण. रंगवाल्यांना ही खोड फार आधीपासून ठाऊक होती. गुडिव्ह आणि किचनर यांनी 1938 मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या सान्निध्यात रंगद्रव्य प्रकाशाने फिके पडते हे अभ्यासले होते, आणि बेल प्रयोगशाळेतल्या बॉडी यांनी 1968 मध्ये याच ऑक्साइडवर ऑक्सिजन निघण्याबद्दल लिहिले होते. दुसरा आक्षेप त्याहून तांत्रिक आहे. रुटाइलमधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा हायड्रोजन सोडवायला काठावरचीच पडते, म्हणून विघटन नीट चालायला बाहेरून थोडा टेकू लागतो : किंचित विभव, किंवा दोन कप्प्यांत आम्ल आणि अल्कली ठेवून मिळवलेला फरक. असा टेकू न घेता काम करणारा स्ट्राँशियम टिटॅनेट रायटन आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये पुढे आणला. हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. रंगवाल्यांना त्यात दोष दिसला, आधीच्या अभ्यासकांना एकेक सुटी क्रिया. दोन इलेक्ट्रोडवरच्या दोन क्रिया एकत्र धरून ‘प्रकाशाची ऊर्जा इथे रासायनिक इंधनात साठते’ असे विधान 1972 च्या लेखाने केले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी पुढे गाठ सोडवायला घेतली ती या विधानाची. श्रेय द्यायचे ते त्यासाठी. त्यातला होंडांचा वाटा नावात पुढे आहे, तो तसाच राहावा.

लेखानंतर सव्वा वर्षाने तेलसंकट आले आणि 1974 च्या नववर्षदिनी ‘असाही शिंबुन’ने पहिल्या पानावर ही बातमी छापली. आता मागणी होती ती प्रत्यक्ष इंधनाची. महागड्या स्फटिकाऐवजी टिटॅनियमचा पत्रा बर्नरच्या आचेवर तापवून त्यावर ऑक्साइडचा थर चढवला गेला आणि तो उन्हात ठेवला गेला. चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे 7 लिटर हायड्रोजन मिळाला. सौर ऊर्जेपैकी जेमतेम 0.4 टक्के कामी आली. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण एवढा हायड्रोजन जाळून पातेल्यातले लिटरभर पाणी विसेक अंशांनी तापेल, म्हणजे कोमट होईल. कारागिरी सुधारूनही फार फरक पडला नसता. जमिनीवर येणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत जंबुपार भाग शेकडा चार-पाचच. रुटाइलने आपल्या वाट्याचा प्रत्येक फोटॉन सत्कारणी लावला तरी कार्यक्षमतेची कमाल मर्यादा दोन टक्क्यांच्या आसपास थांबते. अडसर प्रकाशाच्या पुरवठ्यात होता, आणि तो उत्प्रेरक घासूनपुसून दूर होणारा नव्हता.

इथून पुढचे वळण महत्त्वाचे. फुजिशिमा 1976–77 मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे ॲलन बार्ड यांच्याकडे होते. त्याच सुमारास, 1977 मध्ये, फ्रँक आणि बार्ड यांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीने पाण्यातले सायनाइड नष्ट होते हे दाखवले. जपानमध्येही मग प्रश्न उलटा विचारला गेला : प्रकाश थोडाच असेल, तर थोड्याच पदार्थावर चालेल असे काम कोणते? खोलीत दिव्याखाली जंबुपार प्रकाश चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोवॉट धरला, तरी सेकंदाला सुमारे दोन लाख कोटी फोटॉन पडतात. तेवढ्याच जागेवर बसलेल्या मळाच्या एकरेणवी थरात रेणू असतात याच्या सुमारे पाचशेपट. शंभरातला एखादाच फोटॉन कामी आला आणि एकेका रेणूचा निकाल लागायला दहा फोटॉन खर्ची पडले, तरी आठवड्याभरात थर जळून जावा. इंधनाच्या हिशेबात नगण्य ठरलेला प्रकाश बोटांचे ठसे, सिगारेटचा चिकटा आणि जिवाणू यांच्या हिशेबात पुरून उरतो. टोकिओ विद्यापीठात काझुहितो हाशिमोतो आणि ‘टोटो’ या कंपनीतले तोशिया वातानाबे यांच्याबरोबर ॲनाटेज जातीच्या ऑक्साइडचा पातळ, पारदर्शक थर चढवलेली फरशी तयार झाली ती या गणितावर. अंधारातही जिवाणू मरावेत म्हणून तिच्यात तांबे वा चांदी घातली गेली. महामार्गाच्या बोगद्यातल्या सोडियम दिव्यांच्या काचांवर धुराची काजळी साचते. दिव्यातूनच निसटणाऱ्या जंबुपार प्रकाशाने ती जाळायची, ही युक्ती तर फारच नेटकी. या कामातच एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली आणि 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये आली. थर दिलेल्या काचेवर पाण्याचा थेंब आधी फुगीर बसतो, स्पर्शकोन सुमारे 72 अंश. जंबुपार प्रकाशानंतर तोच थेंब पसरून सपाट होतो, कोन शून्यावर येतो. धूसर काच स्वच्छ होते, कारण वाफेचे थेंब न होता सलग पापुद्रा होतो. मोटारीच्या बाजूच्या आरशांना आणि इमारतींच्या दर्शनी काचांना याचा उपयोग झाला : मळ आधी सैल होतो, मग पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो.

काहींच्या मते ही माघार आहे. ऊर्जेच्या प्रश्नाला हात घालणारा संशोधक शेवटी फरशा आणि आरशांवर आला, असे ते मत. यामागे एक गृहीत दडलेले आहे, की मोठ्या प्रश्नाचे अपुरे उत्तर लहान प्रश्नाच्या पुऱ्या उत्तरापेक्षा श्रेष्ठ. रसायनात तसे काही नाही. पोकळीची तीच भूक, तोच पृष्ठभाग; बदलले ते फक्त समोर ठेवलेले काम. शिवाय ऊर्जेची बाजू त्यांनी सोडूनही दिली नव्हती : अर्धसंवाहक भुकटीवर पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे क्षपण करणारा त्यांचा लेख 1979 चा आहे. खरी टीका करायची तर ती बाजारावर करावी. ‘प्रकाश-उत्प्रेरक’ ही चिठ्ठी लावून विकल्या गेलेल्या हवाशुद्धीकरण यंत्रांत आणि लेपांत बरेच काही असे निघाले की जिथे पुरेसा जंबुपार प्रकाशच पोहोचत नाही, किंवा हवा पृष्ठभागाला टेकण्याआधीच निघून जाते. हा दोष वर मांडलेला हिशेब विसरण्याचा आहे. जिथे मळ पृष्ठभागावरच बसतो, तिथे तो हिशेब जमतो. खोलीभर हवेत विखुरलेल्या वासाच्या बाबतीत सहसा जमत नाही.

त्यांचे इतर काम इथे धावते नोंदवणे पुरे : बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचे इलेक्ट्रोड, प्रकाशाने चुंबकत्व बदलणारी प्रशियन निळ्याच्या कुळातली संयुगे (1996), चांदीचे कण धरलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडचे बहुरंगी थर (2003). होंडांसह जपान पारितोषिक 2004 मध्ये, जपानचा संस्कृती सन्मान 2017 मध्ये. 2021 मध्ये ते शांघायमधल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी गेले. त्याच वर्षी काझुनारी दोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटर तावदाने उघड्यावर मांडून हायड्रोजन मिळवल्याचे प्रसिद्ध केले. कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के होती. ॲल्युमिनियम मिसळलेला त्यांचा स्ट्राँशियम टिटॅनेट जंबुपार फोटॉन जवळजवळ वाया घालवत नाही, हे 2020 मध्येच दिसले होते. पण तोही शोषतो तो जंबुपार प्रकाशच.