एकपात्री प्रयोगाचें साधनमूल्य : ‘मी अत्रे बोलतोय’च्या निमित्तानें

(१) पोथ्या, बखरी, ताम्रपट व नाणीं यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा वाचकांपुढें रंगभूमीवरील एका प्रयोगाचा विषय मांडणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु बखरीस ज्या कसोट्या आपण लावितों, त्याच या प्रयोगास लावून पाहिल्या असतां एका थोर वृत्तपत्रकाराविषयींची आपली समजूत कोणत्या पायावर उभी आहे हें कळून येतें. आणि तो पाया आम्ही मानीत होतों तितका भक्कम नाहीं असें आम्हांस आढळलें. सबब हा लेख.

प्रयोग म्हणजे सदानंद जोशी यांचा ‘मी अत्रे बोलतोय’. आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं सासवडजवळच्या कोडीत गांवीं झाला व १३ जून १९६९ रोजीं ते मुंबईस वारले. शिक्षक, विडंबनकार, नाटककार, चित्रपटकार असे त्यांचे नाना अवतार सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत विषयास महत्त्वाचा तो वृत्तपत्रकाराचा. १९४० त ‘नवयुग’ साप्ताहिक आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मराठा’ दैनिक त्यांनीं चालविलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत मुंबईच्या गिरणगांवापासून खेड्यांतील पारापर्यंत त्यांचा लेख मोठ्यानें वाचला जात असे. खानदेशाशीं त्यांचा एक धागा असा कीं, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’वर अत्र्यांनीं १९५३ सालीं चित्रपट काढला व १९५४ त त्यास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें.

(२) एका नटानें सर्व प्रयोग तोलून धरावा, ही कल्पना परदेशांतून आली असा समज आहे. अमेरिकेंत हॅल होलब्रुक यांनीं १९५४ पासून २०१७ पर्यंत मार्क ट्वेनचें सोंग घेतलें, व ट्वेनचाही आरंभ वर्तमानपत्रांतच झाला होता, हें खरें. तथापि आपल्याकडे दशरूपकांपैकीं ‘भाण’ हा प्रकार नेमका हाच आहे. एक अंक, एक पात्र. तें पात्र विट, म्हणजे नगरांतील सर्वांचीं बिंगें ठाऊक असलेला बोलका रसिक. तो रस्त्यानें जातां जातां न दिसणाऱ्या माणसांशीं बोलतो, ‘काय म्हणतोस?’ असें विचारून त्यांचें उत्तर स्वतःच्याच तोंडानें वदवितो. यास आकाशभाषित म्हणतात. माळव्यांत मुंजाच्या आश्रयानें धनंजयानें लिहिलेल्या ‘दशरूपका’ंत याचें लक्षण सांगितलें आहे. केरळांतील हस्तलिखितांवरून १९२२ सालीं रामकृष्ण कवि व रामनाथ शास्त्री यांनीं ‘चतुर्भाणी’ छापली, तेव्हां हा प्रकार किती जुना व किती खोडकर होता हें विद्वानांस प्रथम उमगलें. श्यामिलकाच्या ‘पादताडितक’ांतील विट महानगरांतून फिरतो, अधिकारी, पंडित, परप्रांतीय यांची टर उडवितो. त्या काळीं छापखाना असता तर तो वर्तमानपत्रांत सदर चालविता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरा उगम कीर्तनाचा. तो प्रत्येक मराठी घरास परिचित असल्यानें त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९६१ त एकट्यानें रंगभूमीवर उभी राहिली. लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्यें पन्नासाहून अधिक पात्रें एकट्यानें वठविलीं. परंतु या दोन्ही ठिकाणीं बोलणारा व लिहिणारा एकच. भाणांतील विट तर सर्वस्वीं कल्पित. त्यांच्यापुढें पुराव्याचा प्रश्न उभाच राहत नाहीं. ‘मी अत्रे बोलतोय’ मध्यें मात्र ‘मी’ म्हणणारा एक व ज्याच्या नांवानें तो बोलतो तो दुसरा, आणि तो दुसरा ऐतिहासिक पुरुष. खुद्द अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ च्या नाटकांत प्रभाकर पणशीकरांनीं पांच रूपें घेऊन ‘मी’ नाकारला. येथें नटानें परक्याचा ‘मी’ अंगावर घेतला. संशोधकाचें काम याच ‘मी’पाशीं सुरू होतें.

(३) आम्ही सोनगीरचे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील हें गांव किल्ल्याप्रमाणेंच तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं ख्यात आहे. भांड्यावर नांव घालण्याची चाल सर्वांस माहीत आहे. तें नांव भांडें देणाऱ्याचें किंवा घेणाऱ्याचें असतें. ज्याच्या हातोडीनें पत्र्यास आकार आला त्याचें नसतें. या प्रयोगावर नांव अत्र्यांचें आहे. धातूही बव्हंशीं अत्र्यांचा. परंतु ठोके सदानंद जोशांचे. कोणता मजकूर घ्यावा, कोणता गाळावा, कोठें थांबावें, कोठें हंशा घ्यावा, हें सर्व त्यांनीं ठरविलें. हा दोष नव्हे. हेंच त्यांचें कर्तृत्व. पण ऐकणारा तें विसरतो, व तसें विसरावें हाच नटाचा विजय असतो.

अत्रे वारले त्या वेळीं आम्ही पाटीवर अक्षरें गिरवीत होतों. त्यांचें भाषण समोर बसून ऐकण्याचा योग आम्हांस आला नाहीं. तरीही वर्गांत त्यांचीं वाक्यें आम्ही हावभावांसह म्हणून दाखवीत असूं, आणि ‘अत्रे असें म्हणत’ असें मुलांस सांगत असूं. निवृत्तीनंतर त्यांपैकीं कित्येक वाक्यांचें मूळ छापील स्थळ शोधूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आमच्या कानांत होता तो आवाज नटाचा, अत्र्यांचा नव्हे. तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांस प्रयोगाचा हवाला मूळ लेखाचा म्हणून दिला. ही चूक एकट्या आमची नसावी.

(४) अशा प्रयोगांत मजकुराचे चार थर संभवतात. पहिला थर, त्या त्या दिवशीं पत्रांत छापलेला लेख. हें अव्वल साधन. समकालीन आणि तारीखवार. दुसरा थर, ‘कऱ्हेचें पाणी’सारख्या आत्मचरित्रांतील आठवण. हात तोच, परंतु मध्यें काळ गेलेला, सबब दुय्यम. तिसरा थर आख्यायिकेचा. कोणतीही अतिशयोक्ति असो, ‘दहा हजार वर्षांत असें झालें नाहीं’ अशा धर्तीची असली कीं लोक ती अत्र्यांच्या नांवावर टाकतात. बल्लाळानें सोळाव्या शतकांत ‘भोजप्रबंध’ रचतांना कालिदास, बाण, माघ व भवभूति या सर्वांस एकाच भोजाच्या दरबारीं बसविलें. कोणतीही चमत्कृति कालिदासाची ठरली. त्यांतला हा प्रकार. चौथा थर, हे तिन्ही जोडण्यासाठीं नटानें स्वतः घातलेलें वाक्य.

कागदावर हे थर वेगळे काढतां येतात. रंगमंचावर चारही एकाच श्वासांत, एकाच आवाजांत येतात. सांधा घासून वर कल्हई केल्यावर जोड कोठें आहे तें दिसत नाहीं, तसें होतें.

यांत सर्वांत मोठी हानि तारखेची. वर्तमानपत्रांतील लेख त्या दिवसाचा असतो. एक उदाहरण देतों. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अत्र्यांनीं पंडित नेहरूंवर प्रखर टीका केली; त्याच अत्र्यांनीं १९६४ त नेहरू वारल्यावर ‘सूर्यास्त’ ही शोकलेखमाला लिहिली. दोन्ही उतारे लागोपाठ ऐकविले तर कोणी म्हणेल, लेखक चंचल होता. कोणी म्हणेल, फार उदार होता. तारखा समोर ठेवल्या म्हणजे दोहोंच्या मध्यें १ मे १९६० हा दिवस आहे हें दिसतें. मागणी पुरी झाली होती. भांडणाचें कारण सरलें होतें. स्वभावाचा म्हणून जो गुण वा दोष आपण ठरविणार होतों, त्यांतला मोठा भाग परिस्थितीचा निघतो.

(५) मग असा प्रयोग साधन म्हणून टाकाऊ ठरतो काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. अत्रे जन्मले त्याच १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा पहिला खंड प्रसिद्ध करून बखरींच्या विश्वसनीयतेवर कडक प्रहार केले. परंतु त्यामुळें बखरी कोणीं जाळल्या नाहींत. घटनेसाठीं अस्सल पत्र पाहावें व लोकांच्या मनांत ती घटना कशी राहिली यासाठीं बखर पाहावी, असा विवेक हळूहळू रूढ झाला. एकपात्री प्रयोगास तोच न्याय लागू करावा. अत्र्यांनीं काय लिहिलें याचा पुरावा ‘मराठा’चे अंक, तें लेखन मोठ्यानें वाचलें असतां माणसें कां हंसत व कां पेटत, याचा पुरावा हा प्रयोग. छापील पानावर वाक्याचा वेग उतरत नाहीं. अत्र्यांचें लेखन मुळांत वक्त्याचें लेखन होतें, ही गोष्ट नटानें जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही समीक्षकानें केली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

(६) आतां संग्राहकांस एक विनंति. धुळ्यास राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. समर्थ वाग्देवता मंदिरानें रामदासी बाडें जपलीं. त्यामुळें तीनशें वर्षांपूर्वींचें हस्तलिखित आपणांस धुळ्यांत पाहावयास मिळतें. पण साठ वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र तितकें सुलभ नाहीं. कारण उघड आहे. पोथी सोंवळ्यांत राहिली, वर्तमानपत्र रद्दींत गेलें. फुटकें भांडें मोडींत घालावें तसें तें वजनावर विकलें जातें, आणि त्याचा कागद मुळांतच अल्पायुषी. आम्ही शिक्षक असतां एका जुन्या कपाटांतील वर्तमानपत्रांचे गठ्ठे जागा मोकळी करण्यासाठीं विकले गेले. यादीवर सही आमची होती. त्यांत कोणते अंक होते तें आम्हीं उघडूनही पाहिलें नाहीं. त्या सहीची आठवण आम्हांस अजून टोंचते.

तेव्हां ज्यांच्या माळ्यावर ‘नवयुग’, ‘मराठा’ किंवा कोणतेंही जुनें पत्र असेल त्यांनीं तें वजनावर देऊं नये. एकपात्री प्रयोगांच्या जाहिराती, तिकिटें, टिपणवह्या, ध्वनिफिती सांपडल्यास त्याही पोथीच्याच आदरानें ठेवाव्या, व प्रत्येकीवर स्थळ, तारीख व ती कोणाकडून मिळाली तें लिहावें. नट गेला कीं प्रयोग मावळतो. मागें उरतात त्या एवढ्याच वस्तु. मूळ अंक व प्रयोगाची ध्वनिफीत हीं दोन्ही शेजारीं ठेवून ओळीस ओळ ताडून पाहणारा कोणी तरुण अभ्यासक पुढें निघेल. त्याच्या हातीं निदान साहित्य तरी पडावें, एवढीच आमची इच्छा आहे.