बुद्धिबळाचें परदेशगमन

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जातें. नामदेवांची वाणी पुढें पंजाबांत पोंचली, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें समाविष्ट झालीं. परंतु हीं पदें म्हणजे आपले मराठी अभंग नव्हेत. उत्तरेकडील लोकांस कळेल अशा भाषेंत तीं आहेत. जी वस्तु घर सोडून दूरदेशीं जाते तिला कांहीं टाकावें लागतें आणि कांहीं जिवापाड जपावें लागतें. काय टाकावें आणि काय जपावें याचा विवेक ज्यास साधला तोच परक्या भूमींत रुजतो. संतवाणीचें जें, तेंच खेळांचेंहि आहे, असें आम्हांस वाटतें. आणि याचें उत्तम उदाहरण म्हणजे बुद्धिबळ व त्याचा जपानी भाऊबंद शोगी.

बुद्धिबळाशीं मराठवाड्याचा संबंध जुना आहे. पैठणचें एक भट्ट घराणें सोळाव्या शतकांत काशीस जाऊन राहिलें. त्याच घराण्यांतील नीलकंठ भट्टांनीं सतराव्या शतकांत 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ रचला. त्यांतील 'नीतिमयूख' हा भाग राजनीतीचा. पण तेथें बुद्धिबळाच्या खेळाचेंहि विवेचन आहे. शास्त्री पंडितांनीं हा खेळ केवळ रिकामपणाचा उद्योग मानला नाहीं, एवढें यावरून दिसतें.

आतां पटावरील हत्तीकडे पाहूं. आपला आजचा हत्ती सरळ रेषेंत वाटेल तितका धांवतो. परंतु इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुणीनें हिंदुस्थानांतील चौघांच्या बुद्धिबळाचें जें वर्णन केलें आहे, त्यांतील हत्ती सावकाश चालणारा आहे. तो एक घर पुढें जातो, किंवा चार तिरप्या दिशांपैकीं एकीकडे एक घर सरकतो. चार पाय आणि एक सोंड, अशा या पांच चाली. ब्रह्मदेशांतील जुन्या खेळांत हीच चाल असलेला मोहरा आहे व त्याचें नांवहि हत्तीच आहे. सयाममध्यें ती चाल आहे, नांव मात्र बदललेलें आहे. आणि जपानच्या शोगींत 'रौप्य सेनापति' म्हणून जो मोहरा आहे, त्याची चाल याहून तिळमात्र वेगळी नाहीं! १९९३ सालीं नारा शहरांतील कोफुकुजी मंदिराच्या आवारांत उत्खनन झालें, तेव्हां शोगीचे जुने लांकडी मोहरे सांपडले. त्यांच्याबरोबर १०५८ सालची एक काष्ठपट्टिका होती, आणि त्या मोहऱ्यांत हा रौप्य सेनापति होताच. हत्ती जपानांत कोणत्या वाटेनें गेला याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण चालीचें हें साम्य निव्वळ योगायोगाचें म्हणवत नाहीं.

जपान्यांनीं हा पाहुणा आपल्या घरीं आणून पुरता जपानी केला. पट एक्याऐंशीं घरांचा झाला, प्रत्येकाचे मोहरे वीस झाले. ते उभे न राहतां आडवे पडले. आकार पांचकोनी आणि अंगावर चिनी वळणाचीं अक्षरें. दोन्ही पक्षांचे मोहरे एकाच रंगाचे. टोंक जिकडे वळलेलें, त्यावरून कोण कोणाचा तें ओळखावयाचें. मारलेला मोहरा आपल्या बाजूनें पुन्हां पटावर उतरवितां येतो, हा नियम तर सर्वांत विलक्षण. १६१२ सालीं तोकुगावा सरकारानें ओहाशी सोकेई यांस वर्षासन लावून दिलें आणि या खेळास राजाश्रय लाभला.

१९२४ हें साल येथें ध्यानांत धरण्यासारखें आहे. त्या वर्षीं पॅरिस येथें बुद्धिबळाची जागतिक संघटना स्थापन झाली. आणि त्याच वर्षीं तोकियोमध्यें शोगीपटूंनीं एकत्र येऊन आजच्या जपान शोगी संघाचा पाया घातला. एक खेळ जगाकडे निघाला, दुसरा घरांत सुसंघटित झाला. शोगीस परदेश दुर्लभ होण्याचें एक कारण उघड होतें: ज्यास तीं अक्षरें वाचतां येत नाहींत, त्यास हत्ती कोणता आणि घोडा कोणता हेंच कळेना.

ही अडचण राजसत्तेनें नव्हे, तर खेळाच्या नादीं लागलेल्या एकेकट्या माणसांनीं दूर केली. १९६६ मध्यें ट्रेव्हर लेगेट या इंग्रज गृहस्थांनीं शोगीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. जॉर्ज हॉजिस यांनीं १९७६ पासून १९८७ पर्यंत इंग्लंडांत शोगीचें एक नियतकालिक चालविलें. शांघायमध्यें शू जियानदोंग यांनीं शाळेंतील मुलांत हा खेळ रुजविला. १९९९ मध्यें तोकियोस देशोदेशींच्या खेळाडूंचा पहिला मेळावा भरला. २००८ सालीं किताओ मादोका या शोगीपटु स्त्रीनें मुलांसाठीं बारा घरांचा लहानसा खेळ योजिला. त्यांत मोहऱ्यांवर प्राण्यांचीं चित्रें आहेत आणि चालीच्या दिशा ठिपक्यांनीं दाखविल्या आहेत. त्या पटावर हत्ती पुन्हां हत्ती म्हणून अवतरला! पुढें २०१७ मध्यें कारोलिना स्तिचिन्स्का ही पोलंडची तरुणी जपानांत व्यावसायिक स्त्री-खेळाडूंच्या पंक्तींत बसली. जपानी नसलेली अशी ती पहिलीच.

आपला मार्ग याच्या उलट झाला. आपल्या जुन्या पद्धतींत प्यादें पहिल्या चालीस दोन घरें जात नसे. शह लागला नसेल तर राजा एकदां घोड्यासारखी उडी घेई. आणि प्यादें शेवटच्या ओळींत ज्या घरीं पोंचे, त्या घरच्या मोहऱ्याचा दर्जा त्यास मिळे. प्रांतोप्रांतीं यांत थोडाबहुत फरक असे. १८१४ सालीं मुंबईस त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. तें युरोपी पद्धतीस जुळवून घेतलें असल्याचें त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. बदलाची सुरुवात इतकी जुनी आहे.

या बदलानें आपणांस पुष्कळ मिळालें. १९५५ मध्यें एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामचंद्र सप्रे यांनीं डी. वेंकय्या यांच्यासमवेत अग्रस्थान मिळविलें. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ सालीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या तेव्हां हरकत घेतली गेली. स्त्रियांस मज्जाव करतां येणार नाहीं, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांस द्यावा लागला. १९८१ मध्यें त्याच रोहिणीबाई आशियाच्या विजेत्या झाल्या. आणि २०२५ च्या जुलैमध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जियांतील बातुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. एका सर्वमान्य नियमावलीवांचून हें घडतें ना.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. जपान्यांनीं परक्यांसाठीं मोहऱ्यांवरचीं अक्षरें बदलूं दिलीं, खेळाचे नियम बदलले नाहींत. आपण मोहऱ्यांचीं नांवें ठेविलीं आणि नियम सोडून दिले. नामदेवांनीं भाषा बदलली, विठ्ठल बदलला नाहीं; हा विवेक आपणांस आपल्या खेळाविषयीं राहिला नाहीं. गेलेला नियम स्पर्धेंत परत आणावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्यांनीं आजोबांबरोबर ओसरीवर जुन्या रीतीनें डाव मांडला अशीं वृद्ध माणसें खेडोपाडीं अजून आढळतात. त्यांस विचारून तो डाव एकदां खेळून पाहावा व त्याचे नियम, गांवाच्या नांवासह, वहींत उतरून ठेवावे. एक वही आणि एक सुटीची दुपार एवढेंच याला लागतें. तेवढें आमच्या वाचकांनीं करावें.